तेल, दाणे आणि रक्तवाहिनीचं अस्तर : स्वयंपाकघरातून सुरुवात कशी करायची

अण्णांना हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळी) बसवून घरी आणलं तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर आहाराबद्दल एकच ओळ होती : ‘तेलकट-तुपकट टाळा.’ आम्ही ती ओळ अक्षरशः पाळली. तेल जेमतेम फोडणीपुरतं, तूप बंद, दाण्याचं कूट बंद. सोलापूरच्या घरात शेंगाची चटणी बंद होणं म्हणजे काय, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. पण पोट तर भरायला हवं. मग सकाळी चहाबरोबर टोस्ट, अकरा वाजता चुरमुरे, चारला बिस्किटं, रात्री भात जरा जास्तच. तीन महिन्यांनी रक्त तपासलं, तर ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आधीपेक्षा वर आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) खाली. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी एवढंच विचारलं, “तेल आणि दाणे काढलेत, ते ठीक. त्यांच्या जागी काय आलं?”

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे शिकले ते इथे लिहिते आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. पण घरात पहिल्यांदाच ‘ब्लॉकेज’ हा शब्द आला आणि आता स्वयंपाकघरात नेमकं काय बदलायचं ते कळेना, अशा घरांसाठी हे आहे. एका वेळी एकच पायरी घ्या. घाई केली की दोन आठवड्यांत सगळं पूर्वपदावर येतं.

पायरी १ : आधी अस्तर समजून घ्या

रक्तवाहिनी म्हणजे नळ आणि चरबी म्हणजे त्यात साचणारा गाळ, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. त्यामुळेच ‘नसा साफ करणारे’ काढे खपतात. खरं तर रक्तवाहिनी जिवंत असते. तिच्या आतल्या बाजूला फक्त एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात.

या अस्तराचं महत्त्व लक्षात आलं ते एका चुकीमुळे. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या घेऊन प्रयोग करायचे. औषधाचा एक थेंब पडला की काही पट्ट्या सैल पडायच्या, काही पडायच्या नाहीत. सैल न पडणाऱ्या पट्ट्या तयार करताना आतून घासल्या गेल्या होत्या, म्हणजे त्यांचं अस्तरच निघून गेलं होतं. १९८० साली त्यांनी हे मांडलं. अस्तर एक निरोप सोडतं आणि तो मिळाला की बाहेरचा स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंद होते. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू आहे, हे पुढे सिद्ध झालं. १९९८ साली या कामासाठी फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फेरिड मुराद यांना नोबेल मिळालं.

अस्तर किती चांगलं काम करतंय हे मोजताही येतं. बीपीचा पट्टा हातावर पाच मिनिटं करकचून बांधतात, मग सोडतात. रक्त एकदम धावतं आणि दंडातली धमनी किती रुंद झाली ते सोनोग्राफीवर बघतात. निरोगी अस्तर वाहिनीला चटकन रुंद करतं. १९९७ साली अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दहा निरोगी माणसांना एकदा ५० ग्रॅम चरबी असलेला फास्ट फूडचा नाश्ता दिला, आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच उष्मांकाचा, पण चरबी नसलेला. जड नाश्त्यानंतर वाहिनीचं रुंद होणं जवळपास निम्म्यावर आलं आणि चार तासांनीही ते सुधारलं नव्हतं. एका नाश्त्याचा हा परिणाम. वडापाव, दुपारी तर्रीदार मिसळ, रात्री भजी असा दिवस गेला तर अस्तराला उसंत कधी मिळणार, याचा विचार मी तो प्रयोग वाचल्यावर पहिल्यांदा केला.

चरबीचा दुसरा परिणाम संथ चालतो. रक्तातले एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, कण जास्त झाले की ते अस्तराखाली शिरतात, तिथे अडकतात, त्यांचं ऑक्सिडीकरण होतं. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात आणि चरबीनं फुगून तिथेच बसतात. अशी वर्षानुवर्षं गाठ वाढते. ती वाहिनीच्या भिंतीच्या आत असते, त्यामुळे काढ्यानं धुऊन निघत नाही. एखाद्या दिवशी तिच्यावरचं आवरण फाटतं, तिथे रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो.

म्हणजे ताटातल्या चरबीची दोन घड्याळं आहेत, एक तासांचं आणि एक वर्षांचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोघांसाठी आहेत.

पायरी २ : तेलाच्या डब्यावर तारीख लिहा

‘आम्ही तेल फार वापरत नाही’ असं प्रत्येक घर म्हणतं. आम्हीही म्हणायचो. नवा डबा फोडाल त्या दिवशी मार्करनं त्यावर तारीख लिहा आणि संपेल त्या दिवशी पुन्हा बघा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला साधारण २० ग्रॅम आणि पुरुषाला २५ ग्रॅम तेल-तूप पुरतं. चार मोठ्या माणसांचं घर धरा. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोजचं सुमारे ३८ ग्रॅम तेल होतं. तीन लिटर लागत असेल तर २३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ठीक. आणि यात लोणी-तूप आणि बाहेरचं खाणं धरलेलंच नाही.

कमी करायचं तर तेल ओतायचा कावळा बाजूला ठेवा. कावळ्यानं ओतलेलं तेल कुणी मोजत नाही. मिसळणाच्या डब्याशेजारी पाच मिलीचा छोटा चमचा ठेवा आणि चौघांच्या भाजीला चार चमचे एवढंच धरा. पहिले आठ दिवस भाजी कोरडी लागते. कांदा जरा जास्त वेळ, झाकण ठेवून वाफेवर परता, पाण्याचा हबका मारा, मग लागत नाही.

पायरी ३ : कोणतं तेल, आणि तुपाचं काय

दुकानात ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ लिहिलेलं तेल बघून जास्त पैसे देऊ नका. कोणत्याच वनस्पती तेलात नाव घेण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं. बघायचं ते त्यातल्या चरबीचा प्रकार.

संतृप्त चरबी एलडीएल वाढवते. खोबरेल तेलात ती ८० ते ९० टक्के, साजूक तुपात साठ टक्क्यांच्या वर, पामतेलात निम्मी. शेंगदाणा तेलात ती पाचव्या हिश्श्याहूनही कमी असते आणि निम्म्याच्या आसपास भाग ऑलिव्ह तेलात असतो त्याच जातीच्या चरबीचा, म्हणजे ओलिक आम्लाचा. साध्या करडई तेलात ओमेगा-६ (असंतृप्त चरबीचा एक प्रकार) जवळजवळ पाऊण हिस्सा असतं. संतृप्त चरबीच्या जागी ते आलं तर एलडीएल उतरतं. मोहरी आणि सोयाबीन तेलात थोडं ओमेगा-३ पण असतं.

माझं मत विचाराल तर महागड्या ऑलिव्ह तेलामागे धावायची गरज नाही. परवडत असेल तर कोशिंबिरीवर घाला, उत्तम आहे. पण आपल्या रोजच्या फोडणीला शेंगदाणा आणि करडई आलटून-पालटून वापरली तरी भागतं. घाण्याचं की रिफाइंड, यावर घराघरांत वाद होतात. घाण्याच्या तेलाला वास आणि चव असते, ते थोडक्यात पुरतं, म्हणून आम्ही ते आणतो. पण घाण्याचं आहे म्हणून ते दुप्पट ओतलं तर हिशोब तोच राहतो.

तुपाबद्दल लोक फार भावनिक होतात, मीसुद्धा. साधा हिशोब करा. दिवसाला २००० उष्मांक घेणाऱ्या माणसानं संतृप्त चरबी साधारण २२ ग्रॅमच्या आत ठेवावी. वरणभातावरचं एक लहान चमचाभर तूप म्हणजे तीन ग्रॅम. ते बसतं. सकाळी पोळीला, दुपारी भाताला, रात्री पुरणपोळीवर वाटीभर, हे नाही बसत. आणि घरात कुणाचं एलडीएल आधीच वाढलेलं असेल तर त्या चमच्याबद्दलही डॉक्टरांशी बोला.

सुक्या खोबऱ्याकडे मात्र आपलं लक्षच नसतं. ३० ग्रॅम खोबऱ्यात सतरा ग्रॅमच्या आसपास संतृप्त चरबी असते. कोल्हापुरी वाटणात ते मुठीनं पडतं. आम्ही वाटणातलं निम्मं खोबरं काढून त्या जागी तीळ आणि भाजलेले दाणे घालायला लागलो. रस्सा दाटही होतो आणि अण्णांनी पहिल्या दिवशी ओळखलंही नाही. कोकणात आणि गोव्यात ओल्या नारळाशिवाय जेवण होत नाही, तिथे नारळ बंद करा म्हणणं अन्यायाचं होईल. तिथे बाकीचं तेल कमी ठेवा, आमटीत नारळ बेताचा घाला, आणि बांगडा, तारली यांना आठवड्यातून दोनदा ताटात आणा. तळून नव्हे, हुमण किंवा तिखलं करून. या माशांतलं ओमेगा-३ ट्रायग्लिसराइड्स कमी करायला मदत करतं.

पायरी ४ : दोन गोष्टी घराबाहेर काढा

पहिली, वनस्पती तूप, ज्याला आपल्याकडे अजूनही सरसकट डालडा म्हणतात. पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना ट्रान्स फॅट तयार होतं. ते एलडीएल वाढवतं आणि वर एचडीएल कमीही करतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. भारतात जानेवारी २०२२ पासून त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली आहे, ही मोठी गोष्ट झाली. पण खारी, नानकटाई, क्रीमची बिस्किटं यांत संतृप्त चरबी अजून भरपूर असते. पाकिटावर पामतेल, हायड्रोजिनेटेड किंवा व्हेजिटेबल फॅट हे शब्द पहिल्या दोन-तीन घटकांत दिसले तर पाकीट परत ठेवा. सुट्या फरसाणाला तर पाकीटच नसतं.

दुसरी, तळणाचं उरलेलं तेल. तेच तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात अस्तराला त्रास देणारी द्रव्यं वाढत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जुलै २०१८ पासून त्याला मर्यादा घातली : ‘पोलर’ संयुगं (तेल बिघडताना तयार होणारी द्रव्यं) २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायचं नाही. घरी ते मोजता येत नाही, पण तेल काळं पडलं, दाट झालं, लवकर धूर सोडायला लागलं की ते गेलं समजा. तळताना लहान कढई घ्या म्हणजे तेल कमी उरतं. उरलेलं गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, त्यात पुन्हा तळू नका.

पायरी ५ : रोज एक मूठ

आता दाण्यांकडे. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण आमच्या घरात सगळ्यात मोठी चूक इथेच झाली होती.

बदाम, अक्रोड, काजू, पिस्ते आणि आपले शेंगदाणे यांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त चरबीच असते. मग ते चांगले कसे? एक तर ती चरबी बहुतेक असंतृप्त असते. शिवाय त्यांत तंतू असतात, आणि वनस्पतींतली स्टेरॉल्स आतड्यात कोलेस्टेरॉलची वाट अडवतात. तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. या दाण्यांत आर्जिनिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं आणि आपलं अस्तर त्याच आर्जिनिनपासून तो नायट्रिक ऑक्साइडचा निरोप तयार करतं.

पुरावाही चांगला आहे. स्पेनमध्ये ५५ ते ८० वयाच्या ७,४४७ माणसांवर ‘प्रेडिमेड’ नावाचा मोठा अभ्यास झाला. एका गटाला भाज्या-कडधान्यं-मासे असा भूमध्यसागरी आहार आणि रोज ३० ग्रॅम मिश्र दाणे : १५ ग्रॅम अक्रोड, बाकी निम्मे बदाम आणि निम्मे हेझलनट. दुसऱ्याला तसाच आहार आणि भरपूर ऑलिव्ह तेल. तिसऱ्याला फक्त चरबी कमी करण्याचा सल्ला. पहिल्या दोन्ही गटांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यामुळे होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले. २०१३ साली छापलेला हा निबंध गट पाडण्यातल्या त्रुटींमुळे मागे घेतला गेला आणि २०१८ साली नव्यानं हिशोब करून पुन्हा छापला, तेव्हाही निष्कर्ष जवळपास तोच आला. मला तर त्यामुळे त्यावर जास्तच विश्वास बसला. आणि तिसऱ्या गटाचा सल्ला बघा : आमच्या डिस्चार्जच्या कागदावर होता तोच.

एक मूठ म्हणजे किती? आम्ही घरच्या काट्यावर मोजलं. ३० ग्रॅम म्हणजे तेवीस-चोवीस बदाम, किंवा अक्रोडाच्या चौदा-पंधरा अर्ध्या फोडी, किंवा आपल्या लहान वाटीत काठाच्या खाली राहतील एवढे शेंगदाणे. त्यात १७० ते १९५ उष्मांक असतात. म्हणून हे दाणे रोजच्या खाण्यावर वाढीव म्हणून खाल्ले तर वजन चढेल. ते कशाच्या तरी जागी यायला हवेत. अण्णांच्या चारच्या चहाबरोबरची बिस्किटं गेली आणि त्या जागी ही वाटी आली.

अक्रोड परवडत नाहीत म्हणून खंत करू नका. शेंगदाणा शास्त्रानुसार कडधान्यांच्या कुळातला, पण त्याच्या चरबीचा बाज बदामाच्या जवळचा आहे, आणि त्यात प्रथिनं बदामापेक्षा थोडी जास्तच असतात. अक्रोडात असलेलं ओमेगा-३ मात्र शेंगदाण्यात नाही. त्यासाठी जवस आहे. जवसाची चटणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते : जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, लसूण, तिखट, जिरं घालून कुटायचे. कुटणं महत्त्वाचं, अख्खा जवस पोटातून तसाच बाहेर जातो. रोज दोन चमचे भाकरीबरोबर. कारळ्याची चटणीही बदल म्हणून चांगली. फक्त या चटण्यांत मीठ बेताचं घाला, बीपी वाढलेल्या वाहिनीला मीठ सोसत नाही. त्याच कारणानं खारे दाणे आणि मसाला काजू यांना या मुठीत जागा नाही. चिक्कीतही दाण्याइतकाच गूळ असतो, ती सणाला.

बदाम भिजवून सोलून खायचे का? भिजवा, मऊ लागतात. पण सोलू नका, उपयोगी द्रव्यांचा बराच भाग त्या सालीत असतो. दाण्याच्या लाल सालीचंही तेच, कुटाला साल काढलीच पाहिजे असं नाही.

पायरी ६ : निवडा, भाजा, ठेवा

दाणे ताटात पसरून उजेडात बघा. सुरकुतलेले, काळपट, हिरवट डाग पडलेले, कुबट वासाचे दाणे बाजूला काढा. त्यांवर वाढणाऱ्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन असतं, ते यकृताला घातक आहे आणि भाजल्यानं पुरतं जात नाही. एखादा दाणा कडू लागला तर गिळू नका, थुंकून चूळ भरा. पाकिटातले बरेच दाणे तसे निघाले तर सगळं पाकीट टाका, पैशांकडे बघू नका.

निवडलेले दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर भाजा. आधी दमट वास येतो, मग तो जातो आणि साल तडतडायला लागते. हाताला सोसेल एवढा गरम एक दाणा बोटांत चोळून बघा : साल सुटली आणि आत फिकट सोनेरी रंग दिसला की गॅस बंद. कढईची धग पुढचं काम करते. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, वाफ धरली की खवट होतात. आम्ही पंधरा दिवसांचेच भाजतो. अक्रोड तर फार लवकर खवट होतात, ते फ्रीजमध्येच ठेवा.

पायरी ७ : कुणी जपायचं

दाण्यांची अॅलर्जी असेल तर एक दाणाही नको. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात, कूट द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर दाण्यांतल्या पोटॅशियम-फॉस्फरसमुळे आधी डॉक्टरांना विचारा. आणि जेवण सुधारलं म्हणून तंबाखू, मिश्री, बिडी चालू ठेवली तर अस्तर सुधारायची वाट बघू नका. छातीत दाब आला, हात-जबडा भरून आला, घाम फुटला तर थेट दवाखाना गाठा, तिथे बदाम-अक्रोडाचा काही संबंध नाही.

पायरी ८ : तीन महिन्यांनी तपासा

लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, आता एकदा आणि बदल सुरू केल्यावर सहा आठवडे ते तीन महिन्यांनी एकदा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. अपेक्षा बेताची ठेवा. पंचवीस अभ्यास एकत्र करून २०१० साली केलेल्या विश्लेषणात रोज सरासरी ६७ ग्रॅम दाणे खाणाऱ्यांचं एलडीएल साडेसात टक्क्यांच्या आत-बाहेर उतरलं होतं. आपली मूठ त्याच्या निम्मी आहे. तुपाच्या, खारीच्या, खोबऱ्याच्या जागा बदलल्या की त्यात भर पडते, पण स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाच्या) गोळीइतका उतार जेवणानं येत नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. आमच्या शेजारच्या काकांनी केली होती, दोन महिन्यांत आकडा पहिल्या जागी आला.

अण्णांची गोळी रात्री नऊला असते. चारच्या वाटीतले दाणे मात्र ते स्वतः निवडतात, खिडकीशी बसून, चष्मा लावून, एकेक.